नसेवर टेकलेली धमनी: एमव्हीडी शस्त्रक्रियेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“नसेवर नस चढली आहे,” असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे नेमकं काय झालंय?

बोलीभाषेत संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूलाही आपण नस म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही, म्हणून या वाक्याने घोळ होतो. इथली पहिली नस म्हणजे मेंदूच्या खोडातून निघून चेहऱ्याकडे किंवा घशाकडे जाणारा मज्जातंतू. दुसरी म्हणजे त्याला टेकलेली रक्तवाहिनी, बहुतेक वेळा धमनी. या पानावर ‘नस’ हा शब्द फक्त मज्जातंतूसाठी वापरला आहे.

नसेभोवती विजेच्या वायरीसारखं आवरण असतं. मेंदूलगत ते एका प्रकारच्या पेशी तयार करतात, पुढे दुसऱ्या प्रकारच्या. ही दोन आवरणं जिथे जुळतात तो खोडाजवळचा काही मिलिमीटरचा भाग नाजूक असतो. नेमकी तिथे धमनीची वळी टेकली की हृदयाच्या दर ठोक्याला नसेला धक्का बसतो. वर्षानुवर्षं असं झालं की आवरण झिजतं आणि शेजारशेजारचे उघडे पडलेले तंतू एकमेकांत ‘शॉर्ट’ होऊ लागतात. गालाला वारा लागल्याचा साधा संदेश वेदनेच्या तंतूत घुसतो आणि माणूस कळवळतो. वयानुसार धमन्या लांबतात, नागमोडी होतात, म्हणून हा त्रास बहुधा पन्नाशीनंतर सुरू होतो. तरुणांना होतच नाही असं मात्र नाही.

मेंदूतून निघणाऱ्या या नसांना क्रमांक दिलेले आहेत. दाब पाचव्या नसेवर असेल तर ट्रायजेमिनल न्युराल्जिया (चेहऱ्यातली कळ), सातव्या नसेवर असेल तर हेमीफेशियल स्पाझम (चेहऱ्याची एक बाजू लवणं), नवव्या नसेवर असेल तर ग्लोसोफॅरिंजियल न्युराल्जिया (घशातली कळ). आजार तीन, पण उपाय एकाच तत्त्वाचा: धमनी नसेपासून बाजूला करून मध्ये अस्तर ठेवायचं. त्यालाच मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन, म्हणजे एमव्हीडी म्हणतात.

दोन दाढा काढल्या तरी कळ थांबली नाही. असं का?

कारण दुखणं दाढेत नव्हतंच. पाचव्या नसेच्या तीन शाखा आहेत: कपाळ व डोळा, गाल व वरचा जबडा, आणि खालचा जबडा. कळ बहुधा खालच्या दोन शाखांत येते, म्हणून रुग्ण आधी दंतवैद्याकडे जातो आणि चांगले दात गमावून बसतो.

ओळखायची खूण अशी. करंट लागल्यासारखी सणक, काही सेकंद ते फार तर दोन मिनिटं, चेहऱ्याच्या एकाच बाजूला. दात घासणं, चूळ भरणं, भाकरी चावणं, दाढी करणं, स्कूटरवर तोंडाला वारा लागणं, अगदी बोलणंसुद्धा तिला पुरतं. दोन सणकांच्या मध्ये दुखणं जवळजवळ नसतं. किडलेला दात वेगळा वागतो: तो गरम-थंडाने ठणकतो, ठणका रेंगाळतो, रात्री झोपू देत नाही. एका ठिकाणी हलका स्पर्श केला की सणक येते आणि दंतवैद्याच्या एक्स-रेमध्ये काही सापडत नाही, असं असेल तर दात काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

एमआरआय ‘नॉर्मल’ आला. मग मला हा आजार नाही का?

असू शकतो. साध्या एमआरआयचे काप जाड असतात आणि एक-दोन मिलिमीटरची धमनी त्यांत निसटते. चिठ्ठीवर ‘थ्री-डी फिएस्टा’ किंवा ‘सिस’ असं स्पष्ट लिहून घ्या (मशिनच्या कंपनीप्रमाणे नाव बदलतं, काम एकच) आणि सोबत रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी. या पातळ कापांत मेंदूभोवतीचं पाणी पांढरं आणि त्यातून जाणाऱ्या नसा व धमन्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. एमआरआयचं दुसरं काम तितकंच महत्त्वाचं: गाठ आहे का, मल्टिपल स्क्लेरॉसिस (नसांचं आवरण खराब करणारा मेंदूचा आजार) आहे का, हे तपासणं. या दोन्हींमुळेही तशीच सणक येऊ शकते.

उलट चूकही होते आणि ती जास्त महागात पडते. काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये नसेला धमनी टेकलेली दिसते. त्यामुळे ‘रिपोर्टमध्ये लूप (धमनीची वळी) आहे’ एवढ्यावर ऑपरेशन ठरवणं चूक आहे. निदान दुखण्याच्या वर्णनावरून होतं. एमआरआय त्याला फक्त दुजोरा देतो. दिवसभर जळजळणारं, बधिर करणारं, दोन्ही बाजूंना पसरलेलं दुखणं असेल आणि सणक नसेल, तर धमनी कितीही ठळक दिसली तरी एमव्हीडीकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

गोळ्यांनी बरं आहे. मग ऑपरेशन कशाला?

गोळ्यांनी खरोखर बरं असेल तर कशालाच नको. पहिलं औषध कार्बामाझेपिन. सहसा १०० ते २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात आणि हळूहळू वाढवत नेतात; बहुतेकांना दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आत उतार पडतो. ते इतकं हमखास लागू पडतं की सुरुवातीला काडीचाही फरक पडला नाही तर निदान पुन्हा तपासावं. ऑक्सकार्बाझेपिन त्याच कुळातलं, थोडं सुसह्य. जोडीला बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन किंवा गॅबापेंटिन देतात. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामकांचा इथे उपयोग होत नाही.

अडचण पुढे येते. डोस वाढला की झापड येते, तोल जातो, शब्द आठवत नाहीत. रक्तातलं सोडियम उतरतं. ज्येष्ठांमध्ये हे विशेष सांभाळावं लागतं, कारण ‘आजोबा अचानक भरकटल्यासारखं बोलतात’ याचं कारण कधीकधी तेच असतं. औषध सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ही त्वचा सोलवटणारी गंभीर प्रतिक्रिया असू शकते. आशियाई लोकांत, भारतीयांतही, आढळणाऱ्या एचएलए-बी १५:०२ या जनुकप्रकारात तिचा धोका जास्त असतो आणि त्याची रक्तचाचणी औषध सुरू करण्याआधी करता येते. पुरळ नसताना मात्र गोळी मनाने एकदम बंद करू नये.

ऑपरेशनचा विचार दोन वेळी करावा: पुरेशा डोसलाही सणक थांबत नसेल तेव्हा, किंवा सणक थांबते पण औषधाने माणूस कामाचा राहत नाही तेव्हा. दहा वर्षं पाचवं-सहावं औषध शोधत बसण्यात शहाणपण नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ११८५ रुग्णांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आठ वर्षांहून जास्त काळ त्रास भोगलेल्यांत ऑपरेशननंतर दुखणं परतण्याचं प्रमाण अधिक दिसलं.

ही शस्त्रक्रिया नवी आहे का?

नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकातच पाचव्या नसेला टेकलेल्या रक्तवाहिन्यांची नोंद केली होती. गार्डनर या दुसऱ्या अमेरिकन सर्जननी १९५९ मध्ये त्या बाजूला करून पाहण्याबद्दल लिहिलं. पण शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आल्यावर, १९६६ पासून, पीटर जॅनेटा यांनी ती पद्धतशीर उभी केली. कारण अगदी साधं आहे: नुसत्या डोळ्यांना त्या खोलीवर नीट दिसतच नव्हतं.

ऑपरेशन नेमकं कसं करतात?

पूर्ण भूल देऊन रुग्णाला कुशीवर झोपवतात, दुखरी बाजू वर. डोकं तीन टोकांच्या चिमट्यात पक्कं धरतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरभर हललेलंही चालत नाही. पूर्ण डोकं भादरत नाहीत. कानामागचा पट्टा तेवढा साफ करतात.

कानामागे ५ ते ७ सेंटिमीटरची चीर देऊन हाडात साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी खिडकी करतात. जागा काटेकोर ठरलेली असते: मेंदूचं रक्त परत नेणाऱ्या दोन मोठ्या शिरा जिथे मिळतात, त्या कोपऱ्याच्या अगदी कडेला. खिडकी त्यापासून दूर पडली तर लहान मेंदू जास्त ओढावा लागतो, आणि ओढण्यानेच नुकसान होतं. त्या भागातल्या कानामागच्या हाडात हवेचे बारीक कप्पे असतात. ते उघडले गेले तर मेणाने नीट बुजवावे लागतात. इथे केलेला आळस पुढे नाकातून पाणी गळण्याच्या रूपाने बाहेर येतो.

मग मेंदूचं जाड आवरण उघडून आतलं पाणी सावकाश वाहू देतात. पाणी निघालं की लहान मेंदू आपोआप सैल होऊन खाली बसतो आणि वाट मोकळी होते. इथे घाई करून पट्टीने मेंदू दाबणं ही जुनी आणि वाईट सवय. कोळ्याच्या जाळ्यासारखं पातळ आवरण कात्रीने सोडवत नसेपर्यंत पोचतात. वाटेत एक शीर आडवी येते. ती शक्यतो राखतात, कारण ती बंद केल्याने क्वचित लहान मेंदूला सूज किंवा इजा होते.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं काम: नस खोडापासून कवटीतल्या तिच्या भोकापर्यंत सर्व बाजूंनी पाहणं. पाचव्या नसेवर बहुधा लहान मेंदूची वरची धमनी असते, पण तिच्या मागे दुसरी धमनी किंवा शीर लपलेली असू शकते. पहिली सापडली म्हणून थांबलं तर दुसरी राहून जाते. धमनी हलकेच उचलून तिच्या आणि नसेच्या मध्ये टेफ्लॉनच्या पिंजलेल्या कापसासारख्या गुंडाळ्या ठेवतात. धमनीतून निघणाऱ्या बारीक फांद्या खोडाला रक्त पुरवत असतात. त्या ताणल्या किंवा पिळल्या जाणार नाहीत याची खात्री करूनच धमनीची नवी जागा पक्की करतात. नसेला हात लावताना कधीकधी हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. सर्जन हात काढून घेतो, ठोके परत येतात. भूलतज्ज्ञ याला तयारच असतात.

शेवटी आवरण पाणी गळणार नाही असं शिवतात आणि हाड परत बसवतात किंवा टायटॅनियमची जाळी लावतात. एकूण साधारण दोन ते चार तास.

टेफ्लॉन म्हणजे तव्यावरचंच ना? आयुष्यभर डोक्यात राहणार?

पदार्थ तोच, पण इथे तो वैद्यकीय दर्जाच्या नमद्यासारखा येतो. तो विरघळत नाही, कायम राहतो आणि पुढे एमआरआय करायलाही आड येत नाही. क्वचित त्याभोवती गाठीसारखी ऊती जमून पुन्हा दाब येतो. म्हणून ‘जितका जास्त तितकं पक्कं’ हा हिशेब इथे चालत नाही. दाबून भरलेलं टेफ्लॉन स्वतःच नसेला टोचू लागतं.

यात नस कापतात का?

नाही, आणि हाच या शस्त्रक्रियेचा मोठेपणा. नस शाबूत राहते, म्हणून चेहरा बधिर न होता दुखणं जाऊ शकतं. मात्र डोकं उघडल्यावर दाबणारी रक्तवाहिनी सापडलीच नाही तर काय करायचं, हे आधीच बोलून ठेवा. काही सर्जन नसेचे तंतू लांबीच्या दिशेने विंचरतात, काही थोडा भाग छेदतात. दोन्हींत बधिरपणा येऊ शकतो, आणि त्याला तुमची संमती आधी हवी.

माझा फक्त डोळा लवतो. त्यालाही हेच ऑपरेशन?

डोळा लवणं शुभ की अशुभ हे पंचांगाकडे सोडू. जागरण, चहा-कॉफी, ताण यांनी पापणी काही दिवस फडफडते आणि थांबते. त्याला काहीच लागत नाही.

हेमीफेशियल स्पाझम वेगळा. पापणीपासून सुरू होऊन काही महिन्यांत-वर्षांत त्याच बाजूचा गाल आणि ओठाचा कोपरा ओढला जाऊ लागतो, झोपेतही थांबत नाही, डोळा मिटून राहतो आणि गाडी चालवणं अवघड होतं. दुखत नाही, पण चारचौघांत वावरणं नकोसं होतं. बोटॉक्सने तीन-चार महिने उतार पडतो आणि मग परत टोचून घ्यावं लागतं. ज्यांना ऑपरेशन नको त्यांच्यासाठी हा चांगला मार्ग आहे. कायमच्या सुटकेची शक्यता एमव्हीडीतच.

इथे सातवी नस आणि ऐकण्याची आठवी नस अगदी खेटून असतात, त्यामुळे कानाला धोका पाचव्या नसेच्या ऑपरेशनपेक्षा जास्त. म्हणून ऑपरेशन चालू असताना कानात टिकटिक आवाज सोडून मेंदूच्या लहरी सतत पाहतात. ठरावीक लहर एक मिलिसेकंद उशिरा येऊ लागली किंवा तिची उंची निम्मी झाली की सर्जनला थांबायला सांगतात. चेहऱ्याच्या स्नायूंवरही तारा लावलेल्या असतात. धमनी सुटली की एक विशिष्ट विकृत संदेश बहुधा तिथल्या तिथे नाहीसा होतो.

दोन गोष्टी आधी ठाऊक असाव्यात, नाहीतर घरचे घाबरतात. पहिली, लवणं लगेच थांबेलच असं नाही. काहींना आठवडे, काहींना महिने लागतात, म्हणून वर्षभर तरी ‘फेल’ म्हणू नये. दुसरी, एक-दोन आठवड्यांनी त्या बाजूचा चेहरा अचानक वाकडा होऊ शकतो. असं झालं तर सर्जनला लगेच दाखवा, डोळ्यात थेंब घाला, रात्री डोळा पट्टीने मिटून ठेवा. उशिरा आलेली ही कमजोरी बहुतेकांत काही आठवड्यांत-महिन्यांत भरून येते.

घशात गिळताना सणक येते…

घसा, जिभेचं मूळ आणि कान यांत गिळताना, जांभई देताना, थंड पाणी पिताना येणारी सणक नवव्या नसेची असू शकते. काहींना सणकेबरोबर ठोके मंदावून चक्कर येते; तसं असेल तर दुर्लक्ष नको. ऑपरेशनआधी सीटी स्कॅन करून कानाखालचं टोकदार हाड जास्त लांब नाही ना, हे पाहून घेतात, कारण तेही असंच टोचतं. ऑपरेशननंतर काही दिवस आवाज घोगरा होऊ शकतो आणि गिळताना ठसका लागू शकतो.

यश किती मिळतं?

वर सांगितलेल्या १९९६ च्या अभ्यासात पाचव्या नसेच्या ७० टक्के रुग्णांना दहा वर्षांनंतरही गोळीशिवाय दुखणं नव्हतं. ज्यांचं परतलं त्यांतल्या बहुतेकांचं पहिल्या दोन वर्षांत परतलं. ज्यांच्यात धमनीऐवजी शिरेचा दाब होता, किंवा ज्यांना ऑपरेशनमधून उठल्याबरोबर आराम पडला नाही, त्यांच्यात परतण्याचं प्रमाण जास्त होतं. त्याच गटाच्या १९९५ च्या अभ्यासात हेमीफेशियल स्पाझमसाठी दहा वर्षांनंतरचा उत्तम परिणाम ८४ टक्क्यांत होता. मल्टिपल स्क्लेरॉसिसमुळे आलेल्या दुखण्यात निकाल बराच कमी लागतो.

मेंदूचं ऑपरेशन म्हणजे लकवा होणार, असं सगळे म्हणतात.

भीती निराधार नाही, पण प्रमाण पाहा. त्याच ११८५ जणांत दोन मृत्यू झाले, एकाला खोडाचा पक्षाघात झाला, आणि सुमारे १ टक्का रुग्णांचं त्या बाजूचं ऐकू येणं गेलं. स्पाझमच्या अभ्यासात कान जाण्याचं प्रमाण २.६ टक्के होतं. हे नेमाने हेच काम करणाऱ्या केंद्राचे आकडे आहेत, वर्षाला एखादं ऑपरेशन करणाऱ्या हाताचे नव्हेत.

नेहमी दिसणारे त्रास साधे आहेत: पहिले दोन-तीन दिवस उलट्या, चक्कर, मान आखडणं, डोकेदुखी, ओठाजवळ नागीण-पुरळ, थोडे दिवस एकाचे दोन दिसणं. जपायचं ते पाण्याच्या गळतीला. वाकल्यावर नाकातून किंवा घशात पातळ, खारट पाणी येत असेल किंवा जखमेवरची पट्टी पाण्याने भिजत असेल, तर ती सर्दी समजू नका. जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आधी झोपून राहायला सांगतात, कधी कमरेतून नळी घालून पाणी काढतात, तरी थांबलं नाही तर पुन्हा शिवावं लागतं.

वय ७४ आहे, मधुमेह आहे. चालेल का?

नुसत्या वयावरून नकार देत नाहीत. हृदय, फुफ्फुसं आणि भूल सोसण्याची ताकद पाहतात. वय वाढलं की मेंदू थोडा आकसतो आणि उलट आत जागा जास्त मिळते. पण भूल धोक्याची असेल तर दुसरे मार्ग आहेत. गालातून सुई घालून नस तापवणं, ग्लिसरॉल टोचणं किंवा फुगा फुगवून दाबणं: आराम लगेच, पण बधिरपणा येतो आणि काही वर्षांत दुखणं परतण्याची शक्यता जास्त. गामा नाईफमध्ये एकाच वेळी साधारण ८० ते ९० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरण नसेवर रोखतात. चीर नाही, पण आराम पडायला आठवडे-महिने लागतात. सणकेने पाणीही पिता येत नसेल त्याला हा मार्ग कामाचा नाही. हे सगळे उपाय नसेला थोडी इजा करूनच काम करतात, आणि तेही फक्त पाचव्या-नवव्या नसेच्या दुखण्यासाठी. लवणाऱ्या चेहऱ्यावर ते वापरत नाहीत.

ऑपरेशनआधी घरून काय तयारी करावी?

दोन्ही कानांची श्रवणचाचणी करून घ्या. दुसरा कान आधीच बहिरा असेल तर निर्णयच बदलू शकतो. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते किती दिवस आधी थांबवायचं हे हृदयतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवावं. स्टेंट असेल तर मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं. काढे, लसणाच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. कार्बामाझेपिन ऑपरेशनच्या दिवसापर्यंत चालूच राहतं.

कॅशलेस विम्यासाठी त्रास पहिल्यांदा कधी सुरू झाला ती तारीख सगळ्या कागदांवर एकच असू द्या. एका चिठ्ठीत ‘दोन वर्षं’ आणि दुसरीत ‘पाच वर्षं’ असं आलं की दावा तिथेच अडकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड दाखवून मंजुरीची चौकशी दाखल होण्याआधीच करा.

घरी आल्यावर?

पहिली रात्र अतिदक्षता विभागात जाते, तीन ते पाच दिवसांनी घरी सोडतात, टाके सात ते दहा दिवसांनी. चार-सहा आठवडे पाण्याची कळशी, सिलिंडर, नातवंडं काहीच उचलायचं नाही. कुंथू नका, बद्धकोष्ठाचं औषध मागून घ्या, कारण कुंथल्याने आतला दाब वाढून शिवण गळू शकते. नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. विमानप्रवास आणि गाडी चालवणं सर्जनच्या परवानगीनंतरच. दुखणं गेलं म्हणून गोळ्या त्याच दिवशी फेकू नका. काही आठवड्यांत पायरीपायरीने कमी करतात.

ताप आणि मान ताठ होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, पाणी गळणं, झापड, चालताना एका बाजूला झुकणं: यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

सर्जनला काय विचारावं?

वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? चालू ऑपरेशनमध्ये कानाच्या लहरी पाहण्याची सोय आणि ते पाहणारा माणूस आहे का? माझ्या एमआरआयमध्ये कोणती धमनी दिसते, ती पडद्यावर दाखवाल का? रक्तवाहिनी सापडली नाही तर काय कराल? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला, तर दुसरं मत घ्यायला जाताना एमआरआयची सीडी सोबत न्या. नुसत्या रिपोर्टवर मत देता येत नाही.